चावरे कुत्रे : सांभाळावे की सोपवावे?

कुत्र्याविषयी मराठीत दोन म्हणी सर्वांच्या तोंडी आहेत. भुंकणारे कुत्रे चावत नाही, ही एक. आणि कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही दुसरी. पहिली ऐकून माणूस गाफील राहतो, दुसरी ऐकून हात टेकतो. ज्या घरात चावरे कुत्रे असते त्या घराचा प्रवास बहुधा पहिल्या म्हणीकडून दुसरीकडे होतो. ‘नुसते भुंकते हो, करत काही नाही’ असे आल्यागेल्याला सांगण्यात दोन वर्षे जातात. मग एके दिवशी ते शेजारच्या मुलाचा पाय धरते, आणि ‘याची जातच वाईट’ असा निकाल देऊन त्याला रातोरात गाडीत घालून कोठेतरी सोडून देतात. गाफीलपणा आणि हताशपणा यांच्या मध्ये विचाराला पुष्कळ जागा आहे. ती दाखविणे एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

कुत्रे का चावते, हे प्रथम पाहू. दुष्टपणा हे त्याचे कारण क्वचितच असते. बहुतेक चावे भीतीतून होतात. काही दुखण्यातून, काही पुढ्यातले अन्न किंवा पिल्ले राखण्याच्या धडपडीतून, तर काही आपल्या हद्दीच्या रक्षणातून. यातली हद्दीची गोष्ट समजण्यास आपल्या जिल्ह्यासारखी दुसरी शाळा नाही. अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डोंगरी पाड्यांवर घरे दाटीने नसतात. ज्याच्या त्याच्या शेतात ज्याचे त्याचे घर. कुत्रे मोकळे असते. परका माणूस शेताच्या कडेला दिसला की ते भुंकते, माणूस तेथेच थांबतो, घरधनी बाहेर येऊन हाक देतो आणि कुत्रे बाजूला होते. त्याचे काम झाले. आता असेच कुत्रे नंदुरबारच्या किंवा शहाद्याच्या एखाद्या वसाहतीत आणून फाटकाशी साखळीने बांधा. तेथे रस्ता घरापासून दहा पावलांवर. सकाळी दूधवाला, मग भाजीवाली, मग शाळेची पोरे, दिवसभर कोणी ना कोणी जातच असते. कुत्रे प्रत्येकावर भुंकते, आणि प्रत्येक जण आपल्या वाटेने पुढे जातो. कुत्र्याला मात्र वाटते की आपण भुंकलो म्हणून तो पळाला! दिवसातून पन्नास वेळा हा विजय मिळाल्यावर त्याचा ताठा वाढणारच. मग ज्या दिवशी कोणी न जाता फाटक उघडून आत येतो, त्या दिवशी भुंकण्याच्या पुढची पायरी येते. पाड्यावर जो गुण होता तोच वसाहतीत दोष ठरला. कुत्रे तेच, जागा बदलली.

त्यात आपल्या खानदेशचा उन्हाळा. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकते. दाट केसांची, थंड मुलखातली जात हौसेने आणून पत्र्याच्या शेडखाली बांधली, तर ते कुत्रे चिडके झाले याचे नवल कसले?

दुसरे कारण पिल्लाच्या वयाशी निगडित आहे. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या स्वभावावर अनेक वर्षे प्रयोग करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या जन्मानंतर तिसऱ्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा असतो, असे त्यांनी दाखविले. या काळात जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू पिल्लू निर्धास्तपणे पाहते, त्यांची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. जे पाहिले नाही ते मोठेपणी परके आणि भयंकर वाटते. जे पिल्लू हे आठवडे खोक्यात किंवा कोपऱ्यात एकटे काढते, ते मोठेपणी मुलांच्या किंकाळीला आणि म्हाताऱ्याच्या काठीला बिचकले तर तो त्याचा अपराध नव्हे.

चावण्यापूर्वी कुत्रे सूचना देते, आणि आपण ती वाचत नाही, हीच मोठी अडचण आहे. मान वळविणे, ओठ चाटणे, कान मागे पाडणे, शेपूट पायांत घालणे, अंग ताठ करून जागच्या जागी थिजणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, ही सारी पहिली अक्षरे. गुरगुरणे हे त्यानंतरचे स्पष्ट वाक्य: ‘पुढे येऊ नका.’ बहुतेक घरांत गुरगुरणाऱ्या कुत्र्याला काठी मिळते. त्यामुळे त्याची भीती जात नाही, गुरगुरणे तेवढे जाते. घंटा काढून घेतलेला आणि आग लागलेला असा तो कारखाना होतो. पुढचा चावा मग ‘काही न सांगता’ येतो. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला मारू नये. मागे सरावे, मुलांना दूर न्यावे, आणि कशावरून गुरगुरले ते वहीत लिहून ठेवावे.

ही वही फार उपयोगी पडते. समजा, एका घरी मोती नावाचे तीन वर्षांचे कुत्रे आहे. घरची मंडळी म्हणतात, ‘ते केव्हाही अंगावर येते.’ पंधरा दिवसांची वही पाहिली तर दिसते की सातपैकी पाच प्रसंग जेवणाच्या ताटलीजवळचे आहेत आणि दोन झोपेतून उठवल्याचे. म्हणजे ‘केव्हाही’ नव्हे, दोनच वेळी. दोन वेळांचा बंदोबस्त करता येतो. ‘केव्हाही’चा करता येत नाही.

बंदोबस्ताची सुरुवात पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करावी. किडका दात, कानातला पू, सांध्याचा आजार, कमी होत चाललेली दृष्टी, यांपैकी काहीही शांत कुत्र्याला चावरे करू शकते, आणि दुखण्यावर शिकवणीचा इलाज चालत नाही. नर कुत्र्याची नसबंदी केल्याने भटकणे आणि आपसातली भांडणे कमी होतात. परंतु भीतीने चावणाऱ्याची भीती त्याने जात नाही, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी प्रसंग टाळण्याची. मोतीला जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून द्यावे. झोपलेला असता हात न लावता दुरून हाक मारावी. पाहुणे येण्यापूर्वी त्याला आत न्यावे. बाहेर नेताना पट्टा आणि गरज पडल्यास तोंडाला मुसके असावे. दिवसभर आखूड साखळीने बांधणे हा बंदोबस्त नव्हे. त्याने कुत्रे अधिक बिघडते. सकाळ-संध्याकाळ ऊन नसताना त्याला लांबवर हिंडवून आणावे.

तिसरी पायरी शिकवणीची, आणि तिचे मूळ रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगांत आहे. अन्नाबरोबर वारंवार ऐकू येणाऱ्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी सिद्ध केले. तेच येथे उलटवून वापरावयाचे. ज्याची भीती आहे ती गोष्ट इतक्या दूर ठेवावी की कुत्रे शांत राहील. ती दिसली की आवडता घास द्यावा, ती गेली की घास बंद. दिवसेंदिवस अंतर थोडे थोडे कमी करावे. यात घाई केली की सगळे मुसळ केरात जाते.

हे सर्व निदान तीन महिने, वही ठेवून, मनापासून करावे. मात्र मूल रांगते असेल आणि चावे खोल असतील, तर तीन महिने थांबण्याचा प्रयोग करू नये. त्याच दिवशी कुत्रे आणि मूल वेगळे करावे.

तीन महिन्यांनंतर निर्णयाची वेळ येते. त्या वेळी घरच्यांनी एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. घरात सूचना न कळणारे कोणी, म्हणजे लहान मूल किंवा अंथरुणाला खिळलेले वडीलधारे, आहे काय? चावा सूचना देऊन, नुसता दात लागण्यापुरता होतो की अचानक, खोल आणि पुन्हा पुन्हा? कारण सापडले आहे काय आणि ते टाळणे आपल्या घरात शक्य आहे काय? आणि चौथा, जो सहसा कोणी विचारत नाही: हे सर्व रोज कोण करणार? कुत्रे घरात येते मुलांच्या हट्टाने आणि पडते आईच्या गळ्यात. जी बाई दिवसभर त्या कुत्र्याबरोबर घरात असते, ती जर रोज जीव मुठीत धरून वावरत असेल, तर संध्याकाळी घरी येणाऱ्या पुरुषाचे ‘मला तर काही करत नाही’ हे मत निर्णायक मानता येणार नाही.

येथे कोणी धर्मराजाचा दाखला देईल. महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्याचे त्याने नाकारले. खरे आहे, परंतु त्याने नाकारले ते आपल्या सुखासाठी आश्रिताला टाकणे. आपल्या घरी जे सुरक्षित राहू शकत नाही, आणि ज्याच्यापासून आपले घर सुरक्षित राहू शकत नाही, त्याला योग्य हाती देणे हे टाकणे नव्हे. सोडणे आणि सोपवणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, आणि सगळा प्रश्न येथेच आहे.

सोडण्याची वाट अनेक जण धरतात. तोरणमाळच्या घाटात, तापीच्या पुलापलीकडे, एखाद्या गावच्या वेशीवर रात्री गाडी थांबते आणि कुत्रे उतरविले जाते. ताटलीत खाऊन वाढलेले ते जनावर तेथे काय खाणार? शहादा-तळोद्याकडे बिबट्याचा वावर आहे, आणि कुत्रे हे बिबट्याचे ठरलेले भक्ष्य आहे. त्यातून ते जगले आणि एखाद्या दुर्गम पाड्यावरच्या मुलाला चावले, तर त्या मुलाला दवाखाना किती कोसांवर? आपण आपले संकट टाळत नाही, ज्याला ते सोसणे अधिक कठीण त्याच्या दारात नेऊन ठेवतो.

‘मळ्यावर पाठवू’ हा दुसरा, जरा सभ्य मार्ग. परंतु मळ्यावर सालदार राहतो, त्याची बायको आणि पोरे राहतात. मालकाचे कुत्रे ‘नको’ म्हणण्याची त्याची सोय नसते. आपल्या मुलाला जे चावते ते त्याच्या मुलाला चावणार नाही, असे मानण्यास काय आधार? घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे, असे निदान व्याही व्याह्याला म्हणू शकतो. सालदार मालकाला म्हणू शकत नाही.

घोड्यावरून सारंगखेड्याची आठवण होते. दत्तजयंतीला तेथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा दात पाहतो, चाल पाहतो, भोवरे पाहतो आणि मग विचारतो, ‘खोड काय?’ लाथ मारतो काय, चावतो काय, बुजतो काय, हे विचारल्यावाचून जाणता माणूस पैसे मोजत नाही. कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारला जात नाही, आणि देणाराही तोंड उघडत नाही. कारण खोड सांगितली तर कोणी घेणार नाही अशी भीती. आमचे मत याच्या उलट आहे. खोड लपवून दिलेले कुत्रे नव्या घरी कोणाला तरी चावते आणि मग मारले जाते किंवा पुन्हा सोडले जाते. खोड सांगून दिलेल्या कुत्र्याला घेणारे थोडे मिळतात, पण जो मिळतो तो तयारीने घेतो.

म्हणून सोपवताना ती वही बरोबर द्यावी. किती वेळा, कोणाला, कशावरून चावले. काय केल्याने शांत राहते. लसीची नोंद कोठे आहे. सर्व लिहून द्यावे. घेणाऱ्याच्या घरी आधी जाऊन पाहावे: लहान मुले आहेत का, कुंपण आहे का, माणूस दिवसभर असतो का. एक-दोन भेटी आपल्यासमोर व्हाव्यात. अंगाखालचे पोते आणि सवयीचे अन्न बरोबर द्यावे. आणि ‘जमले नाही तर आमच्याकडे परत आणा’ हा शब्द द्यावा व पाळावा. अन्न राखणाऱ्या मोतीला मुले नसलेले, शांत, प्रौढ जोडपे मिळाले तर त्याचे उरलेले आयुष्य सुखात जाईल. परंतु सूचना न देता खोलवर चावे घेणारे, कोणत्याही उपायाने न बदललेले कुत्रे कोणालाही सोपवू नये. तेथे पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याचा वेदनारहित अंत करणे हाच उरलेला मार्ग असू शकतो. तो निर्णय जड आहे. पण तो दुसऱ्याच्या दारात ढकलणे त्याहून वाईट.

कायदाही थोडा माहीत असावा. पाळीव जनावरापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली गुन्हा असून, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे, किंवा त्याला अवाजवी आखूड साखळीने बांधून ठेवणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अपराध आहे.

चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. आपल्या गावी मिरचीला तोटा नाही. तरी मिरचीपूड, चुना, हळद यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. लगेच दवाखाना गाठावा आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना लस घ्यावी. कुत्रे घरचे आहे, लस दिलेली आहे, म्हणून घरी थांबू नये. पिसाळीची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर जवळजवळ कोणीही वाचत नाही. त्याआधीची वेळ मात्र आपल्या हाती असते.

या साऱ्यापैकी पुष्कळ त्रास कुत्रे आणण्यापूर्वीच टळू शकतो. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तेवढे दिवस ते आईजवळच राहिले पाहिजे. ते घरी आल्यावर पहिला महिना त्याला माणसे, मुले, काठी, सायकल, भांड्यांचा आवाज हे सारे हळूहळू, लाडीगोडीने दाखवावे. आणि ज्यांच्या घरी कुत्रे आधीच आहे त्यांनी पहिला चावा होण्याची वाट पाहू नये. पहिले गुरगुरणे ज्या आठवड्यात ऐकू आले, त्याच आठवड्यात वही उघडावी.