तबकड्यांचे आयुष्य

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड येथील मध्यमवर्गीय घरांत लग्नाच्या अल्बमशेजारी एखादी डीव्हीडी हमखास सापडते. शाळांच्या कपाटांत स्नेहसंमेलनांच्या तबकड्या असतात. व्हिडिओ कॅसेट मागे पडून तबकडी आली, तेव्हा ठेवा आता कायमचा झाला असा समज पसरला. वस्तुतः स्टुडिओत नोंदलेल्या अशा तबकडीतील माहिती सेंद्रिय रंगाच्या एका पातळ थरात असते. ऊन व उष्णता हे त्या थराचे वैरी. आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या परभणीत पत्र्याखालचे लोखंडी कपाट म्हणजे भट्टीच! चित्र आधी अडखळते, मग चौकोनांत फुटते, आणि एके दिवशी यंत्र तबकडी ओळखतच नाही.

प्रत काढून ठेवणे हाच यावर उपाय, आणि तो मराठवाड्याला नवा नाही. महानुभावांची परंपरा सांगते की, लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभी स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो अनुयायांच्या स्मरणातून आणि प्रतींतून.

आज हे काम सॉफ्टवेअर करते; मात्र तबकडीची जशीच्या तशी प्रतिमा उतरवणे निराळे आणि चित्रफीत आकसून लहान फाइल बनवणे निराळे. 'हँडब्रेक'सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर दुसरे काम करते. त्यात जागा वाचते, पण काही तपशील कायमचा जातो. राखीव प्रतीसाठी पूर्ण प्रतिमाच घ्यावी. एकेरी थराच्या तबकडीस 4.7 गीगाबाइट पुरतात. हार्ड डिस्कला ते किरकोळ. तबकडी बिघडलेली असल्यास 'डीडीरेस्क्यू' आधी धडधाकट भाग उचलते आणि मग खराब जागा पुनःपुन्हा वाचून पाहते.

आता कायदा. मोबदला देऊन काढवून घेतलेल्या लग्नाच्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ती काढवून घेणाराच असतो. (तिच्यात स्टुडिओवाल्याने घातलेली चित्रपटगीते मात्र दुसऱ्याची!) पेच आहे तो विकतच्या चित्रपटांचा. त्यांपैकी बहुतेकांवर 'सीएसएस' हे सांकेतिक कुलूप असते. ते उघडणाऱ्या सॉफ्टवेअरपायी नॉर्वेतील जॉन योहान्सन या तरुणावर खटला भरला गेला; 2003 मध्ये तो निर्दोष सुटला. आपल्या 1957 च्या कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीनुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याने स्पष्टपणे निषिद्ध न केलेल्या कामासाठी ते उघडण्यास मनाई नाही. परंतु दुसऱ्याला ते उघडून देणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व उद्देश नोंदवून ठेवला पाहिजे. अशी वही किती दुकानांत असेल?

संगणक-आज्ञावली घेणाऱ्याला राखीव प्रतीची मुभा हाच कायदा नाव घेऊन देतो. चित्रपटाच्या ग्राहकाला मात्र 'खासगी वापरासाठी उचित व्यवहार' या मोघम शब्दांचा आधार शोधावा लागतो. हा भेद अन्याय्य आहे. स्वस्त तबकड्या घरोघरी पोहोचवणारी मोझर बेअर कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली. तिची तबकडी बिघडली तर बदलून कोण देणार? कायद्यात ही मुभा निःसंदिग्धपणे यावी. मात्र घरच्या व शाळेच्या तबकड्यांनी तोवर थांबण्याचे कारण नाही, कारण नव्या लॅपटॉपमध्ये तबकडी घालायची खाचच बहुधा उरलेली नाही.