‘असं विचारू नये’

पायाला कॅलिपर बांधलेला मुलगा दुसरीच्या वर्गात प्रथमच आला आणि शेजाऱ्याने ‘हे काय रे बांधलंयस?’ असे मोठ्याने विचारले, की बाईंचे पहिले उद्गार ‘असं विचारू नये’ हेच असतात. हेतू निःसंशय सद्भावनेचा. परंतु जिच्याविषयी बोलू नये ती गोष्ट लाजिरवाणीच असली पाहिजे, एवढे तर्कशास्त्र सात वर्षांच्या बालकाजवळ खासच असते. वस्तुतः त्या प्रश्नात कुचेष्टा नसून निव्वळ कुतूहल असते, आणि ‘याने चालताना आधार मिळतो’ एवढ्या उत्तराने ते शमून ‘मग तू लगोरीला येतोस का?’ हा पुढचा प्रश्न येतो. उत्तर द्यावे की नाही, हे मात्र त्या मुलाच्या मर्जीवर सोपवावे.

डोळ्यांना पट्टी बांधून वर्गभर चालवले की अंधत्व समजते, हा दुसरा भ्रम मोठ्या उत्साहाने जोपासला जातो. पाच मिनिटांच्या त्या आंधळ्या कोशिंबिरीत मुलाला ठेच लागते, भय वाटते आणि पट्टी सुटताच ‘बिचारे!’ असा सुस्कारा निघतो. अंध मनुष्य वर्षानुवर्षांच्या सरावाने पांढऱ्या काठीच्या टोकाने वाट कशी ओळखतो, याचा त्यात मागमूसही नसतो. त्यापेक्षा ब्रेलची पाटी व टोचणी हाती द्यावी. सहा टिंबांच्या घरात पहिले व तिसरे टिंब म्हणजे ‘क’, त्यांत चौथे मिळवले की ‘म’, आणि पहिली तीन म्हणजे ‘ल’: झाले ‘कमल’. कागद पाठीमागून टोचायचा असल्याने लिहायचे उजवीकडून डावीकडे व वाचायचे डावीकडून उजवीकडे, हे विसरणाऱ्याच्या कागदावर भलतेच काही उमटते, आणि वर्गात कीव मागे पडून चुरस सुरू होते.

अपंगत्व नेहमी डोळ्यांना दिसतेच, ही समजूतही खरी नव्हे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. त्यांत स्वमग्नता आहे, वाचन-लेखनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, विदर्भातील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेलही आहे. फळ्यावरचे उतरवताना अक्षरांची अदलाबदल करणारा मुलगा ‘आळशी’ ठरतो, तो बहुधा या अज्ञानापायीच.

अशा मुलाला प्रवेश देणे ही शाळेची मेहेरबानी, असे मानणारे मुख्याध्यापक अद्याप भेटतात. 40 टक्के वा अधिक अपंगत्व प्रमाणित झालेल्या मुलास 6 ते 18 वर्षांपर्यंत नजीकच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क त्याच 2016 च्या कायद्याने दिला आहे. मुलांना कलमे पाठ करवण्याचे कारण नाही. एके दुपारी हाती खडू देऊन, चाकाची खुर्ची आवारात कोठे कोठे अडेल तेथे फुली मारण्यास सांगावे. एका शाळेत हा प्रयोग मी पाहिला, तेव्हा पहिली फुली पडली ती उताराच्या तोंडाशीच उभ्या केलेल्या एका गुरुजींच्या स्कूटरपाशी.