उपराष्ट्रपती : काम काय, अधिकार कोणते?

स्थान : राज्यघटनेच्या कलम ६३ नुसार निर्माण झालेले, राष्ट्रपतींखालोखालचे पद. मुदत ५ वर्षे.

निवड : लोकसभा व राज्यसभेचे सर्व सदस्य, नामनियुक्त धरून, गुप्त मतदान करतात. आमदारांना मत नसते. उमेदवाराचे वय किमान ३५ हवे.

रोजचे काम : उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती. ते सभागृहाचे सदस्य नसतात. समसमान मते पडली तरच निर्णायक मत देतात.

राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास : नव्या राष्ट्रपतींची निवड होईपर्यंत तो कार्यभार सांभाळतात. ही निवडणूक ६ महिन्यांच्या आत घ्यावी लागते. या काळात ते सभापतीचे काम पाहत नाहीत. डॉ. झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी यांनी, तर फक्रुद्दीन अली अहमद यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये बी. डी. जत्ती यांनी ही जबाबदारी पेलली.

पदावरून दूर करणे : १४ दिवसांची पूर्वसूचना, राज्यसभेचा बहुमताचा ठराव आणि लोकसभेची संमती आवश्यक.

महाराष्ट्राशी नाते : शंकरदयाळ शर्मा आणि सी. पी. राधाकृष्णन हे दोघेही महाराष्ट्राचे राज्यपाल असताना उपराष्ट्रपतिपदी निवडून आले.

सभागृहात विरोधकांनाही बोलण्याची पुरेशी संधी मिळते का, हीच या पदाची खरी कसोटी.