मोजणीबाहेरची धडधड

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत छातीत धडधड, हातापायांना घाम, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. आधी ईसीजी होतो, मग थायरॉइडची तपासणी. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवतं. पूर्वीपेक्षा लोकांचं टेन्शन वाढलंय, याविषयी तिथं कुणालाच शंका नसते. मला मात्र हा प्रश्न इतक्या सहज सुटलेला वाटत नाही.

गर्दी वाढली म्हणजे आजार वाढला, असं होतंच असं नाही. अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी 1990-92 आणि 2001-03 अशा दोन पाहण्यांची तुलना केली. वर्षभरात कुठला ना कुठला मानसिक विकार झालेल्या प्रौढांचं प्रमाण पहिल्या पाहणीत 29.4 टक्के होतं आणि दुसरीत 30.5, म्हणजे जवळपास तेवढंच. पण या आजारी लोकांपैकी उपचार घेणारे 20.3 टक्क्यांवरून 32.9 टक्क्यांवर गेले होते.

मग जुन्या नोंदी पाहाव्यात का? नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासूनचं आहे. पण तिथं भरती व्हायची ती घरच्यांना सांभाळणं अशक्य झालेली माणसं. रोज कचेरीत जाणारा, मुलांची फी भरणारा आणि आतून पोखरलेला माणूस त्या नोंदवहीत येणार कसा? शिवाय निदानाची चौकटही बदलत गेली. 1980 मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेनं जुन्या चिंता-न्यूरोसिसची फोड करून पॅनिक डिसऑर्डर वेगळा केला. त्या बदलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे शेजारी मांडून तुलना होत नाही.

भारताबद्दलचा सर्वांत गाजलेला आकडा ‘लॅन्सेट सायकायट्री’मधल्या अभ्यासाचा. 2017 मध्ये देशात सुमारे 4.49 कोटी लोकांना चिंताविकार होता, असा त्याचा अंदाज. एकूण आजारांच्या ओझ्यात मानसिक विकारांचा वाटा 1990 मध्ये 2.5 टक्के होता, तो 2017 मध्ये 4.7 टक्के झाला. हे वाचून ‘मानसिक आजार दुप्पट झाले’ असं कुणालाही वाटेल. पण वाटा वाढायला दुसरंही कारण असतं: याच काळात जुलाब, गोवर, बाळंतपणातले मृत्यू कमी झाले, त्यामुळे उरलेल्या आजारांचा हिस्सा आपोआप मोठा दिसू लागला.

म्हणून चिंता कुठेच वाढली नाही, असंही मी म्हणणार नाही. इंग्लंड ठरावीक वर्षांनी घरोघरी पाहणी करतं. तिथं चिंता-नैराश्यासारख्या विकारांचं प्रमाण 16 ते 64 वयोगटात 2014 मध्ये 18.9 टक्के होतं, 2023-24 मध्ये 22.6 टक्के झालं. कोरोनाच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकाराचे 7.6 कोटी जादा रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. मात्र त्यामागची बहुतेक माहिती श्रीमंत देशांतली होती.

आणि आपण? बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, 12 राज्यांत. नागपूरला लागून असलेला मध्य प्रदेश त्यात होता, छत्तीसगडही होता. महाराष्ट्र नव्हता! शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांनी वर्षानुवर्षं होरपळलेल्या विदर्भाचं राज्य त्या यादीत नसावं, याचं मला अजूनही दुःख होतं.

मोजणं शक्य असतं, हे विदर्भानंच दाखवलंय. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली, प्रशिक्षित समुपदेशक गाठीभेटी घेत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवत. सुरुवातीला आणि 18 महिन्यांनी पाहणी झाली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचलेले 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. नैराश्याचं प्रमाण 14.6 वरून 11.3 टक्क्यांवर आलं, आत्महत्येचे विचार 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. तरीही उपचार घेणारे वाढत असताना आजार कमी होऊ शकतो, हे इथं आपल्याच मातीत दिसलं. नुसती ओपीडीची रांग पाहणाऱ्याला याच्या नेमकं उलट वाटलं असतं.

चिंतेसाठीही साधन आहे. 2006 मध्ये तयार झालेल्या ‘जीएडी-7’ प्रश्नावलीत गेल्या 2 आठवड्यांविषयी फक्त 7 प्रश्न असतात आणि गुण 0 ते 21. त्यावरून निदान होत नाही, पण कल कळतो. नागपूरच्या वस्त्यांमध्ये, इतवारीपासून हिंगण्यापर्यंत, हेच प्रश्न प्रत्येक वेळी एकाच पद्धतीनं निवडलेल्या घरांत दर 5 वर्षांनी विचारले जावेत. सुरुवात या वर्षी झाली, तर पहिली खरी तुलना 5 वर्षांनी हाती येईल. तोवर ज्याला रात्र काढणं जड जातंय, त्याच्यासाठी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.