दसरा काढताना होणारी दमछाक टाळता येते

मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात घटस्थापनेपूर्वीच्या साफसफाईला ‘दसरा काढणे’ म्हणतात. बसवकल्याण तालुक्यातील मुडबीसारख्या गावांत भाद्रपद सरताना वाकळा-गोधड्या धुतल्या जातात, भांडी खाली उतरतात, भिंतींवर हात फिरतो. आपल्या गोव्यात हीच धांदल चवथीच्या आधी उडते.

पावसाने कुबटलेल्या घराला ऊन दाखवणारी ही रीत उत्तमच. अडचण आहे ती तिच्याआडून रुजलेल्या समजुतीची: घर आवरायचे तर एकदम सगळे, नाहीतर आवरलेच नाही. वर्षाचा साठा चार दिवसांत उपसायचा, कंबर धरून बसायचे आणि महिन्याभरात पसारा परतला की ‘मला घर सांभाळता येत नाही’ म्हणून स्वतःला बोल लावायचा. हा बोल बहुधा बाईच लावून घेते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. पुरुषांचा 97 मिनिटे, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषही थोडेच. तेव्हा पसारा हा स्वभावदोष नसून अनेकदा वाटणीतला दोष असतो.

सवयीबद्दलही आपण स्वतःशी फार कठोर असतो. लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. महत्त्वाचे हे, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय मोडली नाही. घर आवरण्याच्या पद्धतीमुळे जगभर नाव झालेल्या जपानच्या मारी कोंडो यांनीही तिसऱ्या अपत्यानंतर घर पूर्वीसारखे टापटीप राहत नाही, असे 2023 मध्ये मोकळेपणाने सांगितले.

खरे तर या भागातील जुन्या माळवदाच्या घरांकडूनच शिकण्यासारखे आहे. दिव्याला देवळी, कपड्याला खुंटी, धान्याला बळद. जागा भिंतीतच ठरलेली, त्यामुळे वस्तू परत ठेवताना विचार करावा लागत नसे. आजच्या स्लॅबच्या घरात कपाटे वाढली, पण किल्लीला जागा नाही. मग खुर्चीचीच खुंटी होते. उतरंडीचेही तसेच. तळातले मडके काढायला वरची सगळी उतरवावी लागतात. क्वचित लागणाऱ्या जिनसांना ती रचना शोभते. रोजचा डबा मात्र असा रचला, तर तो परत जागेवर जात नाही, ओट्यावरच राहतो.

म्हणून प्रारंभ एका कप्प्यापासून करावा, आणि तोही रोजच्या एखाद्या कामाला जोडून. चहा उकळेपर्यंत मसाल्याचा डबा पुसावा, देवापुढे दिवा लावला की दारातल्या चपला नीट लावाव्यात. चपलांचे काम घरातील पुरुषाकडे किंवा मुलांकडे असावे आणि त्यांनी त्या वाकड्या लावल्या तर पुन्हा सरळ करू नयेत. कपाट काढायला बसणाऱ्याने 10 मिनिटांचा गजर लावावा. तो वाजला की हातातली घडी पुरी करून उठावे, कप्पा अर्धा राहिला तरी.