दंडावरचा काटा जात का नाही?

कॉलेजचे डेज जवळ आले की कपाटातला स्लीव्हलेस कुर्ता बाहेर येतो, आरशासमोर जातो आणि घडी होऊन परत आत. कारण दंडावरचे ते बारीक, खरखरीत दाणे. थंडीत अंगावर काटा येतो ना, तसेच दिसतात. फक्त हा काटा जायचं नाव घेत नाही. आणि मुलांनो, टी-शर्टच्या बाह्या खाली ओढणारे तुमच्यातही आहेत बरं का!

याचं नाव केरॅटोसिस पायलारिस. आपल्या त्वचेत केरॅटिन नावाचं प्रथिन असतं. ते केस उगवतो त्या छिद्रात साठलं की छिद्राचं तोंड बुजतं आणि दाणा तयार होतो. दंडाची मागची बाजू, मांड्या, कधी गाल या त्याच्या ठरलेल्या जागा. बऱ्याचदा हे आनुवंशिक असतं, त्यामुळे एकदा आई-बाबांचे दंड बघा! अस्वच्छतेशी याचा संबंध नाही. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही. वयात येताना हे वाढतं, हिवाळ्यात जास्त जाणवतं आणि अनेकांचं तिशीपर्यंत आपोआप कमी होतं.

खरं नुकसान आपणच करतो. लूफा, वजरी, साखर-लिंबू, जे मिळेल त्याने घासत सुटतो. त्याने त्वचा आणखी चिडते. नखाने दाणे फोडले तर काळे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने राहतात.

मग करायचं काय? कोमट पाण्याने झटपट अंघोळ, सौम्य साबण. अंग टॉवेलने टिपा आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. त्यात युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिड असेल तर उत्तम. चुरचुरलं तर एक दिवसाआड लावा, सोललेल्या जागी लावू नका. फरक दिसायला काही आठवडे जातात आणि लावणं थांबवलं की दाणे परत येतात. म्हणजे दात घासण्यासारखंच, रोजचं काम.

मैत्रिणीने सांगितलं म्हणून मेडिकलमधून कुठलीही ट्यूब मात्र आणू नका. तिच्यात स्टिरॉइड असेल तर मनाने वापरत राहिल्याने त्वचा पातळ होते. दाणे दुखत असतील, पू होत असेल किंवा खाज थांबत नसेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

बाकी दाणे नुसतेच दिसत असतील, तर ते दिसू द्या. यंदाच्या डेजना तो कुर्ता घालाच!