साइटची सेफ्टी तपासणी मोबाईलवर: अ‍ॅप खोटं कधी बोलतं?

माझा चुलतभाऊ अहिल्यानगरजवळ एका बिल्डिंगच्या साइटवर सुपरवायझर आहे. रोजच्या सुरक्षा तपासणीसाठी त्याला एक मोबाईल अ‍ॅप दिलं होतं. २८ प्रश्न, प्रत्येकापुढे 'होय' किंवा 'नाही'. संध्याकाळी टपरीवर चहा पिता पिता तो सगळे 'होय' दाबून मोकळा व्हायचा. एकदा मी मोजलं, ४० सेकंद लागले.

"अरे, चौथ्या मजल्यावर गेलास तरी का?"

तो हसला. "दादा, 'नाही' दाबलं की फोटो टाका, कारण लिहा, साहेबांचा फोन घ्या. 'होय'ला काहीच लागत नाही."

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला लगेच टोचलं. खोटं बोलणं सोपं आणि खरं बोलणं अवघड, असंच ते अ‍ॅप बनवलं होतं.

मग आम्ही गुगल फॉर्मवर साधी सोय केली. प्रत्येक मजल्यावर, परांचीजवळ, मिक्सरच्या वायरिंगजवळ वेगवेगळा क्यूआर कोड चिकटवला. स्कॅन केला की त्याच जागेचे दोन-तीन प्रश्न उघडतात. जीपीएस का नको? कारण मोकळ्या जागेतही त्यात काही मीटरची चूक असते आणि तुम्ही कितव्या मजल्यावर आहात हे त्याला धड सांगता येत नाही. क्यूआरचाच फोटो काढून टपरीवरून स्कॅन करणारे महाभागही निघतात, म्हणून 'होय'ला सुद्धा फोटो सक्तीचा केला आणि त्या फोटोत खडूने लिहिलेली आजची तारीख दिसली पाहिजे. 'नाही' मात्र एका टॅपमध्ये.

प्रश्नही बदलले. 'वायरिंग सुरक्षित आहे का?' याला कोणीही होय म्हणेल. त्याऐवजी 'आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, सप्लाय बंद पडला का?' असं विचारलं. हा ३० मिलिअँपियरचा स्विच करंट गळायला लागला की क्षणात वीज तोडतो, पण बिघडलेला असेल तर वरून कळत नाही. चर १.५ मीटरपेक्षा खोल असेल तर बाजूंना आधार दिलाय का, हाही प्रश्न आहे. शिडीसाठी 'नायॉश लॅडर सेफ्टी' हे फुकट अ‍ॅप बघा. फोन शिडीला टेकवला की आतला सेन्सर कोन मोजतो. साधारण ७५ अंश हवा.

आता फोन काय करू शकत नाही ते. त्याला वास येत नाही. ९ एप्रिल २०२४ ला आपल्याच जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या वाकडीत, बायोगॅससाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एकामागोमाग एक माणसं उतरली आणि पाच जण गेले. कमरेला दोरी बांधून उतरलेला एक जण वाचला. ती बांधकामाची साइट नव्हती, पण नवीन बिल्डिंगची बंद पाण्याची टाकी वेगळी नसते. ओल्या सेंट्रिंगचं लाकूड आत कुजून ऑक्सिजन खातं, आणि फळ्या काढायला उतरलेला माणूस आवाजही न करता कोसळतो. हवेत ऑक्सिजन साधारण २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर आत जायचं नाही. हे सांगायला गॅस डिटेक्टरच लागतो. 'फोनने गॅस ओळखा' म्हणणारं अ‍ॅप दिसलं तर अनइन्स्टॉल करा.

मोठ्या मशीनचंही तसंच. आपल्या कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरच, पुढे शहापूरच्या सरळांब्याजवळ, ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर लाँचर कोसळून २० जणांचा जीव गेला. असल्या यंत्राची तपासणी त्यातल्या जाणकार इंजिनिअरनेच करायची. तिथे आमचा फॉर्म फार तर तो आज येऊन गेला का, एवढंच विचारू शकतो.

भावाच्या फॉर्मवर पहिले तीन आठवडे सगळं 'होय'च होतं. मला शंका यायला लागली होती. गेल्या सोमवारी सकाळी ८ ला पहिलं 'नाही' आलं: दुसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या डक्टपुढच्या फळ्या गायब. सेंट्रिंगवाल्यांनी रात्री काढून नेल्या होत्या. नवीन फळ्या लागेपर्यंत त्या मजल्यावरचं काम बंद ठेवलं, आणि मुकादम दिवसभर भावाशी बोलला नाही.